आर्व्हेलामावशीचा उलटा निरोप

आर्व्हेलामावशी कधी चुकत नसे. हे मी म्हणत नाही, तीच म्हणायची. ऑगस्टमध्ये सकाळी जितकी धुकी पडतात तितक्या वेळा हिवाळ्यात बर्फ पडतं, असं आमच्या डोंगरात मानतात. मावशी प्रत्येक धुक्याला काचेच्या बरणीत घेवड्याचा एक दाणा टाकायची. एका वर्षी चांगले पसाभर दाणे साठले आणि हिवाळा कोरडा ठणठणीत गेला. मार्चमध्ये मी बरणीकडे बघून हसले, तर म्हणाली, "पडलं की बर्फ. पलीकडच्या खोऱ्यात पडलं. धुकं आपलं, म्हणून बर्फ आपल्याच दारात पडायला हवं असं कुठं लिहिलंय?" आणि दाणे काढून तिने आमटीला भिजत घातले.

मी मूळची किनाऱ्याकडची. एव्हरेटशी लग्न करून कॅरोलायनाच्या या डोंगरात आले ती इथलीच झाले. एव्हरेटची आई तो लहान असतानाच गेली आणि या मावशीने त्याला वाढवलं, त्यामुळे सासू म्हणाल तर तीच. अंगाने उंच, हात मोठे, आवाज त्याहून मोठा. सतराव्या वर्षी लाकडाच्या वखारीत काम करणाऱ्या माणसाशी लग्न झालं. तो ओंडक्याखाली सापडून गेला, तेव्हा ही मोज्यांच्या गिरणीत लागली आणि गिरणी बंद पडेपर्यंत तिथे राहिली. तिचं घर नदीकाठी होतं, स्पाइसवुडचा ओढा नदीला मिळतो तिथे. दारात सलगम आणि कोबी, मागे तंबाखूची पानं टांगायची कोठी. मला पहिली दोन वर्षं तिचा धाक वाटायचा. नंतर राग यायचा. मग कधी तरी लक्षात आलं, की घरात काहीही मोडलं, सांडलं, आजारी पडलं की मी आधी तिलाच हाक मारते.

तिच्याकडे साखळी होती. प्रार्थनेची साखळी. खोऱ्यातलं कोणी आजारी पडलं, कोणाचा पोरगा गाडी घेऊन दरीत गेला, कोणाची गाय अडली, की पहिला फोन मावशीला. मावशी नदीकाठच्याच डेल्फियाला करायची, डेल्फिया पुढचीला, ती पुढचीला, असं करत निरोप सगळ्या खोऱ्यात फिरायचा आणि शेवटची बाई परत मावशीला फोन करायची. निरोप फिरून आला की मावशी "आमेन" म्हणून फोन ठेवायची. नियम एकच होता. निरोप जसा आला तसा पुढे द्यायचा, मीठमसाला लावायचा नाही. डेल्फियाला हा नियम फार जड जायचा. तिचा नवरा होबार्ट पाय अधू होऊन खुर्चीला खिळलेला, त्यामुळे बोलायला दिवसभर एवढाच माणूस, आणि तोही बहिरा. मग ती साखळीचा फोन आला की तेवढ्यात सगळं बोलून घ्यायची. मावशी तिला मध्येच तोडायची, "डेल्फिया, देव वाट बघतोय, पुढे फोन कर."

या साखळीत पूर्वी झोनाही होती. झोना म्हणजे मावशीची धाकटी बहीण. आमचं चर्च जुन्या वळणाचं, गाणी तोंडाने म्हणायची, वाद्य नाही. झोनाला संगीताचं वेड. एका शनिवारी तिने कुठून तरी जुना पियानो पैदा केला आणि ट्रकमधून चर्चात आणून ठेवला. रविवारी सकाळी लोक आले तेव्हा पियानो लाकडाच्या शेडमध्ये होता. मावशीनेच चार माणसं लावून तो हलवला होता. रात्रभर पाऊस झाला होता, शेड गळत होती. झोनाने पियानो वाळवला, आपल्या घरी नेला, आणि पुन्हा या चर्चाची पायरी चढणार नाही अशी शपथ घेऊन ती दुसऱ्या चर्चात जाऊ लागली. साखळीतही मावशीने तिची कडी काढून टाकली. दोघी बहिणी, एकीचं घर ओढ्याच्या शेवटाला आणि दुसरीचं ओढ्याच्या उगमाशी, पण वर्षानुवर्षं बोलणं नाही. दुकानात समोरासमोर आल्या तर दोघी मिठाच्या भावाबद्दल दुकानदाराशी बोलायच्या. मी एकदा मध्ये पडायला गेले, तर मावशी म्हणाली, "तिने चूक कबूल करावी, मी आजच्या आज जाते." झोनाकडे गेले तर तीही शब्दन् शब्द हेच म्हणाली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसल्या दोघी. मी म्हटलं, मरा.

वादळ आलं त्या वर्षी उन्हाळ्यात चर्चच्या अंगणात जेवण होतं. सरकारच्या भूगर्भ खात्याकडून एक पोरगी आली होती, हातात नकाशे. जेवून झाल्यावर ती उभी राहून सांगू लागली, की डोंगरात फार पाऊस झाला तर नुसती नदीची भीती धरू नका. तुमच्या घळींच्या तोंडाशी जी सपाट जागा दिसते, जिथे तुम्ही घरं बांधता, ती सपाट का झाली ते बघा. कधी काळी वरून डोंगर घसरून आला, त्याची माती तिथे पसरली, म्हणून ती सपाट आहे. जे एकदा आलं ते परत येऊ शकतं. पाऊस थांबेना, तर घळीतून निघा आणि डोंगराच्या नाकाडावर, या पुढे आलेल्या सोंडेवर या, जिथे हे चर्च आहे तिथे. तिने नकाशावर बोट ठेवलं ते नेमकं झोनाच्या घरावर.

लोक आदबीने ऐकत होते, पण पोरीला कळलं नाही की कोणीही ते मनावर घेतलेलं नाही. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट शिकवलेली. पाणी आलं की वर जा. जितकं वर तितकं सुरक्षित. आणि खोऱ्यात सगळ्यात वरचं घर झोनाचंच. मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोरी, माझ्या बहिणीचं घर पडलंच, तर ते पियानोच्या वजनाने पडेल." सगळे हसले. मीही हसले. पोरगीही बिचारी हसली, आणि तिने नकाशे गुंडाळून सफरचंदाचा मुरंबा मागून घेतला.

सप्टेंबरात वादळ आलं. वादळ म्हणजे वारा, हे मी माहेरी शिकलेले. ते रात्री येतं, छपरं उडवतं आणि सकाळी दुसऱ्याच्या राज्यात असतं. डोंगरात वादळ पोचतं तेव्हा त्याच्यातला वारा वाटेतच संपलेला असतो, उरतं ते नुसतं पाणी. ते घाईने गेलं तर ठीक. हे मात्र रमतगमत निघालेलं. रेडिओवाला म्हणाला, वादळ खेचराच्या चालीने येतंय. मावशी म्हणाली, "खेचर तरी बरं, त्याला काठी मारता येते." त्याआधी आठवडाभर पाऊस लागून राहिलेला होताच. जमीन पिऊन पिऊन तुडुंब झाली होती. पाय ठेवला की खुणेत पाणी उभं राहायचं.

वादळाच्या दिवशी सकाळी नदी मावशीच्या सलगमांत आली. मावशी घाबरली वगैरे नाही. तिने डेल्फियाला फोन केला, "नदी वर येतेय. काठावरच्यांनी वर जा. देव सांभाळो." झोनाचं नाव तिने घेतलं नाही, पण वर म्हणजे कुठे हे खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. साखळी फिरली. एव्हरेटने मावशीला आमच्याकडे आणून सोडलं आणि तो अग्निशामक दलाच्या लोकांबरोबर नदीरस्त्याला गेला. आमचं घर डोंगराच्या नाकाडावर, चर्चच्या खालच्या अंगाला. मावशीने येताना बरोबर काय आणलं, तर बायबल, नवऱ्याचा फोटो आणि सफरचंदांची टोपली. बसल्या बसल्या सोलायला.

थोड्या वेळाने साखळीचा शेवटचा फोन आमच्या घरी आला, झोनाच्याच फोनवरून. नदीकाठची सगळी माणसं सुखरूप झोनाच्या घरी पोचली होती. डेल्फिया पोचली होती, होबार्टला दोघांनी खुर्चीसकट ट्रकमध्ये घातलं होतं. झोनाने दोन्ही चर्चांच्या लोकांना कॉफी दिली म्हणे. मावशी "आमेन" म्हणाली, फोन ठेवला आणि सफरचंद उचललं. तिला बरं वाटलं होतं, ते तिने दाखवलं नाही एवढंच.

पाऊस काही धो धो नव्हता. बेताचा, एका लयीत, जराही न दमणारा. दुपार व्हायला आली तेव्हा रेडिओवाला म्हणाला, वादळ आता चालतही नाही, आमच्याच कड्यावर बसलंय, उद्यापर्यंत हलेलसं दिसत नाही. मी अंगणात पावसाचं पाणी मोजायला डबा ठेवला होता. तो सकाळी ओतून ठेवलेला, पुन्हा भरून वाहत होता. मावशीची सुरी थांबली.

"नेवा," ती मला म्हणाली, "ती नकाशेवाली पोरगी काय म्हणाली होती गं?"

मी सांगितलं. माझ्या तोंडून ते पुन्हा बाहेर पडलं तेव्हा त्यात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मावशी उठून ओसरीवर गेली. समोरच्या घळीवर ढग उतरला होता, झोनाचं घर दिसत नव्हतं. ओढ्याचा रंग बदलला होता, आणि वाऱ्यावर वास येत होता, नुकत्या खणलेल्या जमिनीचा, उपटलेल्या मुळांचा. मावशीने ओसरीच्या खांबाला हात टेकला. मग अगदी हळू म्हणाली, "मी सगळ्यांना तिथं पाठवलं."

खाली ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेला होता, गाडी वर नेणं शक्य नव्हतं. पण झोनाच्या अंगणातून डोंगराच्या कुशीने एक पायवाट चर्चकडे येते. मयताची वाट म्हणतात तिला. गाड्या नव्हत्या तेव्हा घळीतले लोक शवपेट्या खांद्यावर घेऊन त्या वाटेने स्मशानात यायचे. ती ओढा कुठेच ओलांडत नाही. निघायचं तर त्या वाटेने आणि लगेच. पण सांगणार कोण? साखळीतले सगळे आपापल्या घरचे फोन सोडून झोनाकडे बसलेले. उरला झोनाचा फोन.

"तू कर," मावशी मला म्हणाली.

मी केला. झोनामावशी खुशीत होती. "अगं नेवा, तूही ये. घेवडा शिजतोय, मक्याचा पाव भट्टीत घातलाय. घर कसं भरलंय! डेल्फिया एकटी सगळ्यांना पुरून उरलीय."

मी तिला नकाशेवालीचं बोलणं सांगितलं. म्हटलं, सगळ्यांना घेऊन चर्चात या. ती म्हणाली, "हे तुला तिनं बोलायला लावलं ना? शेजारीच उभी असेल. का, तोंडात गुळणी धरलीय का तिनं?" आणि फोन ठेवला.

मावशीने फोन माझ्या हातातून घेतला. नंबर तिला पाठ होता. एवढ्या वर्षांत एकदाही फिरवला नव्हता, पण बोट अडलं नाही.

"झोना, उठा तिथून सगळे. होबार्टला खुर्चीवर घ्या. मयताच्या वाटेने खाली या, आत्ताच्या आत्ता."

पलीकडचं बोलणं मला ऐकू येत होतं, इतका झोनाचा आवाज चढला होता. "सकाळी वर जा, दुपारी खाली या! आम्ही काय तुझ्या गिरणीतले मोजे आहोत, उलटेसुलटे करायला? माझ्या घरी चार माणसं जमली ती बघवत नाहीत तुला. तुझ्या चर्चात ओढून न्यायचंय त्यांना." मागून डेल्फिया म्हणत होती, "आर्व्हेला, निरोप तुझाच होता बाई, आम्ही नियमानं आलो!" आणि पुन्हा फोन बंद.

मावशी खुर्चीत बसली. मी तिला तशी कधीच पाहिली नव्हती. मोठे हात मांडीवर नुसते पडलेले. मला रडू यायला लागलं, आणि त्याहून जास्त संताप आला, दोघींचा. मी म्हटलं, "मावशी, हुकूम सोडून दुसरं काही येतं का तुला? ती का ऐकेल तुझं? आयुष्यात कधी ऐकलंय?"

तिने पुन्हा नंबर फिरवला. खूप वेळ वाजत राहिला. शेवटी झोनाने उचलला.

"झोना," मावशी म्हणाली, "मी चुकले."

तिने फोन दोन्ही हातांनी धरला.

"सकाळचा निरोप चुकीचा होता. मी चुकले. मी तुम्हा सगळ्यांना चुकीच्या जागी पाठवलं."

मग झोनाचा आवाज आला, अगदी बारीक. "पियानोबद्दलही?"

"पियानोबद्दल नाही," मावशी म्हणाली. "डोंगराबद्दल. झोना, बाई, ऊठ."

त्यानंतर फोनमध्ये नुसती खरखर झाली आणि तो मेला. तार तुटली होती. झोना काय म्हणाली, काही म्हणाली की नाही, आम्हाला कळलं नाही.

आम्ही दोघी छत्री घेऊन चर्चच्या ओसरीवर जाऊन उभ्या राहिलो. छत्रीचा उपयोग शून्य. मयताची वाट झाडीतून जिथे बाहेर पडते तिकडे मावशी बघत होती. प्रार्थना करत होती का, मी विचारलं नाही. तिचे ओठ हलत होते, पण एकदा मला स्पष्ट ऐकू आलं ते "गाढवे, ये ना" असं होतं. ते देवाला उद्देशून नसावं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग धुक्यातून आधी डेल्फियाचा आवाज आला, आणि मागून माणसं. चौघांनी होबार्टची खुर्ची खांद्यावर धरलेली, तो डोक्यावर प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ घेऊन राजासारखा बसलेला. म्हातारे, पोरं, दोन कुत्री. सगळ्यांत शेवटी झोना, चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेली, दोन्ही हातांत घेवड्याचं मोठं पातेलं.

मावशी ओसरीवरून उतरली. झोना तिच्यासमोर थांबली. धाप लागली होती, तरी बोललीच. "यांना मी सांगितलं, आमची आर्व्हेला जन्मात पहिल्यांदा चुकले म्हणाली, म्हणजे डोंगर नक्की पडणार. उठा."

"घेवडा कशाला आणलास?"

"मग काय डोंगराला वाढायचा होता?"

झोना चर्चात यायला तयार नव्हती. शपथ म्हणजे शपथ. सगळे आत गेले, ही ओसरीच्या कडेला पातेल्याशेजारी बसून राहिली. मावशी आतून दोन खुर्च्या घेऊन आली. दोघी जवळ जवळ बसल्या. मी दारात उभी होते. झोनाच्या ओल्या खांद्यावर मावशीने आपली शाल टाकली आणि झोनाने ती टाकू दिली.

दिवस मावळायला अजून अवकाश होता तेव्हा आवाज आला. दगडांनी भरलेली गाडी उताराला ओतावी तसा, पण थांबेना. ओसरीच्या फळ्या पायाखाली थरथरल्या. आत कुणी तरी गाणं सुरू केलं होतं ते बंद पडलं. ढगामुळे दिसलं काहीच नाही. मग आवाज दूर खाली नदीकडे गेला, आणि पुन्हा नुसता पाऊस. झोनाने बहिणीचा हात धरला होता तो सोडला नाही. आतल्या सगळ्यांनी एकमेकांची नावं घेऊन हाका मारल्या. एकही माणूस कमी नव्हता.

नदीने मावशीचंही घर नेलं. एव्हरेट चिखलाने भरून परत आला आणि हे सांगताना ओक्साबोक्शी रडला, कारण तो त्याच घरात वाढला होता. मावशीने त्याला घेवडा वाढला.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला. झोनाला घर बघायचं होतं. मावशी म्हणाली, मीही येते. मी दोघींच्या मागे गेले. मयताच्या वाटेच्या टोकाला आलो आणि पुढे वाट नव्हती. अंगण नव्हतं, सफरचंदाची झाडं नव्हती, घराचा पायासुद्धा नव्हता. नुसता तपकिरी चिखल, आणि त्यात शाळेच्या बसएवढाले दगड, सोललेली झाडं. घळ वरपर्यंत उघडी पडली होती, आतला पिवळा खडक दिसत होता. जिथे स्वयंपाकघर होतं ती जागा झोनाने हाताने दाखवली. "इथं टेबल मांडलं होतं आम्ही. जागा पुरेना म्हणून पोरांना खिडकीत बसवणार होते."

मी मावशीकडे पाहिलं. इतका वेळ ती ताठ उभी होती. नवऱ्याच्या मयतालाही ती अशीच ताठ उभी होती म्हणे. आता ती तिथेच चिखलात बसली.

"सकाळचा निरोप माझा होता, झोना," ती म्हणाली. "पोरांना, होबार्टला, तुला, मीच पाठवलं इथं. माझ्या तोंडानं." आणि ती रडू लागली, लहान मुलीसारखी, तोंड न झाकता.

झोना तिच्याजवळ चिखलात उकिडवी बसली. मीच दिलेल्या स्वेटरच्या बाहीने तिचं तोंड पुसलं.

"आणि दुपारचा?" झोना म्हणाली. "दुपारचा निरोप कोणाचा होता, ते सांग की."

 झोनाने मावशीच्या काखेत हात घातला, मला म्हणाली, "नेवा, दुसऱ्या बाजूने धर. जड आहे ही." आम्ही दोघींनी तिला उठवलं आणि घरी निघालो.